कोरड्या केसांची साक्ष

निकाल ठरवणारी ज्युरीची बारा माणसं आत गेली, शिपायानं दार ओढून घेतलं, आणि कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर ओझेला क्रेनशॉनं मांडीवरचा डबा उघडला. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, लोणी घालून केलेला केक. नवरा दहा वर्षं तुरुंगात जाणार की रात्री घरच्या पलंगावर झोपणार, हे त्या दाराआड ठरत होतं. म्हणूनच तिनं सकाळी उठल्या उठल्या चुलीवर कढई चढवली होती. हात रिकामे ठेवून बसणं तिला जमलं नसतं.

पहिली ताटली तिनं मुलाला, कार्लटनला दिली. दुसरी आयसम पाळकांना. तिसरी वाढली आणि हातातच धरून ठेवली. बाकाच्या टोकाला तिची मुलगी व्हर्नेस्टीन बसली होती, काल साक्षीला घातलेलाच निळा झगा घालून. तिच्याशी आज सकाळपासून घरातलं कुणी धड बोललं नव्हतं. आणि समोरच्या बाकावर, हात गळ्यात अडकवून, ओझेलाचा सख्खा धाकटा भाऊ लेम्युएल बसला होता. खांद्याचं हाड मोडलेला. ते मोडलं होतं ओझेलाच्या नवऱ्यानं, चर्चमधल्या पाळकांच्या मदतनिसानं, डीकन थॅडियस क्रेनशॉनं, साऱ्या मंडळीच्या देखत, बाप्तिस्म्याच्या सकाळी.

तिसरी ताटली शेवटी ओझेलाच्याच मांडीवर राहिली.

व्हर्नेस्टीनला भूक नव्हतीच. तिच्या कानात कालचा सरकारी वकिलाचा मऊ आवाज घुमत होता. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तुमचे वडील काय म्हणाले, ते जसंच्या तसं सांगाल का? तिचा हात नुकताच पवित्र शास्त्रावरून उठला होता. रविवारच्या शाळेत वीस वर्षं पोरांना तिनं शिकवलं होतं की जिभेला दोन टोकं असतात ती सापाच्या. तिनं सांगितलं. बाबा म्हणाले होते, "उद्या लेमनं नदीवर तोंड उघडलं, तर माझी काठी त्याच्या खांद्यावर बसेल."

आणि काठी खांद्यावरच बसली होती.

"आठवत नाही म्हणायचं होतं," कार्लटन कोंबडीचं हाड ताटलीत ठेवत म्हणाला. "तीन शब्द. आठवत नाही, साहेब. संपलं."

"आठवत होतं ना मला."

"तुला सगळंच आठवतं. सातवीत मी सिगारेट ओढली ती तारीखसुद्धा सांगशील तू."

"पोस्टाच्या मागे," ती म्हणाली. "तारीख नाही सांगत."

एरवी यावर हशा झाला असता. आज पाळकांनी फक्त घसा खाकरला.

लेमनं आईच्या वाटणीतली नदीकाठची पट्टी वाळू काढणाऱ्या कंपनीला विकली होती, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच पट्टीवरून क्रेनशॉंच्या तीन पिढ्या कटाल्पा नदीत उतरल्या होत्या. थॅडियसचा आजा, मग बाप, मग तो. बाप्तिस्म्याच्या दिवशी डीकननं लांब काठी घेऊन पुढं व्हायचं, तळ चाचपायचा, खड्डा कुठं, गाळ कुठं ते बघायचं, आणि जिथं पाय ठरतो तिथं काठी रोवायची. पाळक त्या काठीशेजारी उभे राहतात. पांढऱ्या झग्यातली माणसं काठीकडे बघत येतात आणि पाळक त्यांना डोक्यापर्यंत पाण्यात बुचकळून बाप्तिस्मा देतात. त्या जूनमधल्या सकाळी तसंच झालं. आयसम पाळकांचा उपदेश बोलण्यातून गाण्यात शिरला होता, काठावरच्या बायका प्रत्येक ओळ उचलून परत देत होत्या. ज्यानं तो सूर ऐकला आहे त्याला ठाऊक आहे की तेव्हा पाणीसुद्धा उभं राहून ऐकतं. नेमक्या त्या क्षणी, कंपनीच्या माणसाला हद्द दाखवायला आलेला लेम काठावरून ओरडला, "लवकर बुचकळा रे त्याला! हे पाणी शुक्रवारपर्यंतच माझं आहे!"

थॅडियस पाण्यातून चालत आला, आणि त्यानं मारलं.

सरकारी वकिलानं याची नीट उतरंड लावली होती. राग कशाचा, तर जमिनीचा. बेत कधीचा, तर आदल्या संध्याकाळचा. हत्यार कुठलं, तर घरून आणलेलं. आणि मधल्या पात्रापासून काठापर्यंत येताना डोकं थंड करायला वेळ होताच की. लेमची फिर्यादही उरली नव्हती. त्यानं स्वतः सांगून पाहिलं होतं की आम्ही घरात मिटवतो, पण खटला राज्याचा होता.

ठरवून, हत्यारानं केलेला हल्ला, की रागाच्या भरातली मारहाण. पहिल्याला दहा वर्षांपर्यंत. अडुसष्टच्या माणसाला दहा वर्षं म्हणजे किती, याचा हिशेब कुणी करून दाखवला नव्हता, आणि कुणी करूही नये.

*

ज्युरीनं पहिल्यांदा दार ठोठावलं तेव्हा डबा अजून अर्धाच रिकामा झाला होता. शिपाई धावला, थॅडियसचे वकील टेलफेअर टायची गाठ सरळ करत धावले, आणि सगळे पुन्हा कोर्टात जाऊन बसले. निकाल नव्हता. प्रश्न होता.

न्यायाधीशबाईंनी तो वाचून दाखवला. माणूस जेवताना रागानं जे बोलतो, ते ठरवणं धरायचं का?

बाईंनी चष्मा काढला आणि ज्युरीकडे वळल्या. त्यांचं बोलणं कोरडं होतं, पण ओझेलानं एकेक शब्द मंदिरात ऐकतात तसा ऐकला. राग असणं हा गुन्हा नाही, त्या म्हणाल्या. कारण असणं म्हणजे बेत असणं नव्हे. माणूस महिनाभर राग बाळगून हात न उचलता मरू शकतो. उलट बेत व्हायला महिना लागत नाही. नदी ओलांडता ओलांडताही तो होऊ शकतो. बोललेले शब्द तुमच्यासमोर आहेत. त्यानं त्या शब्दांप्रमाणे केलं, की शब्द विसरून केलं, हे बाकीच्या पुराव्यावरून तुम्ही ठरवायचं.

पहिल्या रांगेतला चारा-बियाणांचा दुकानदार, ज्याला त्यांनी मुख्य नेमलं होतं, मान डोलवत राहिला. मागच्या रांगेत जांभळी टोपी घातलेली एक म्हातारी होती. ती मान डोलवत नव्हती. ती टक लावून थॅडियसच्या हातांकडे बघत होती.

"हे चांगलं की वाईट?" व्हरांड्यात आल्यावर ओझेलानं विचारलं.

टेलफेअर म्हणाले की चांगलं. भांडत आहेत म्हणजे सगळे एका बाजूला नाहीत. ते माँटगोमरीचे, हुशार, आणि त्यांच्या पंथात बाप्तिस्मा म्हणजे बाळाच्या कपाळावर तीन थेंब. त्यांनी थॅडियसला साक्षीला उभंच केलं नव्हतं. कारण तयारीच्या वेळी त्यांनी विचारलं होतं, लेमला मारायचा विचार तुमच्या मनात आधी आला होता का, आणि डीकन म्हणाला होता, "महिनाभर रोज. देवासमोर गुडघे टेकले की सगळ्यात आधी तोच."

*

कार्लटनचा राग आता ताईकडून सरकून सगळ्यांवर पसरला होता. तो बर्मिंगहॅमहून रजा टाकून आला होता, आणि रजा संपत आली होती. व्हरांड्यातला पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. तो म्हणाला की या घरात खरं बोलायची एवढी हौस आहे, तर तिचा उपयोग कधी कुणाला झाला ते दाखवा.

"तू बोलू नकोस," व्हर्नेस्टीन पहिल्यांदाच तडकली. "चाळीस वर्षांचा झालास. बाबांनी तुझ्यासाठी एवढी वर्षं वाट पाहिली. आणि तू अजूनही बाप्तिस्म्याविना फिरतोयस."

"माझ्यामुळे का? मी गेलो होतो ना पाण्यात. पाळकांनी माझा हात धरला होता. मी डोळे मिटले होते. बाबांनीच काठी उपटली, मी तिथं उभा असताना."

पाळकांनी मान खाली घातली. ओझेला म्हणाली, "कार्लटन, नको."

हे वाक्य घरात कधी बोललं गेलं नव्हतं. थॅडियसनं मेव्हण्याला मारलं, हे लाजिरवाणं होतं. पण मारामारी चांगल्या चांगल्यांच्या हातून होते, पवित्र शास्त्रात पेत्रासारख्या शिष्यानंही रागात एकाचा कान कापला होता. माणूस पाण्यात असताना काठी उपटणं, हे मात्र कटाल्पाच्या काठावर कुणी ऐकलं नव्हतं. शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत ती हलवायची नाही. ती काढली म्हणजे पाण्यातल्या माणसाला सोडून दिलं. आणि थॅडियसनं पोटच्या पोराला सोडलं होतं. त्या सकाळी काठावरच्या बायकांनी जो श्वास ओढला, तो फटक्याच्या आधी ओढला होता. म्हणून घरात, मंडळीत, वकिलासमोर, सगळ्यांनी फटक्याबद्दलच बोलायचं ठरवलं होतं. ठरवलंही नव्हतं. मोठी लाज झाकताना छोटी आपोआप पुढं केली जाते.

व्हर्नेस्टीन मात्र उभी राहिली होती.

"परत बोल," ती म्हणाली.

"काय?"

"मी उभा असताना काठी उपटली, हे. परत बोल."

कार्लटन तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्याही डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं.

"ज्याला ठरवून मारायचंय," ती एकेक शब्द चाचपत म्हणाली, "तो तुझं डोकं ओलं होईपर्यंत थांबला असता. बाबा त्याच दिवसाची तर वाट बघत होते. आदल्या रात्री ते काय बोलले होते हे त्यांना त्या घटकेला आठवत असतं, तर तू पाण्यात आहेस हेही आठवलं असतं. त्यांना काहीच आठवत नव्हतं, कार्लटन. तूसुद्धा नाही."

ओझेलाच्या हातातला पुठ्ठ्याचा पंखा थांबला.

कार्लटन धावत सुटला. टेलफेअर जिन्याजवळ कॉफी पीत होते. त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा ऐकलं, कप खिडकीत ठेवला, आणि चेहरा दोन्ही हातांनी चोळला. हे मला आधी का सांगितलं नाही, असं विचारताना त्यांचा आवाज चिरकला. कार्लटन म्हणाला की लाज वाटली. वकील म्हणाले की दहा वर्षांपेक्षा मोठी लाज त्यांनी आजवर पाहिली नव्हती. मग त्यांनी सावकाश समजावलं. पुरावा संपला होता. ज्युरी आत गेल्यावर नवा साक्षीदार नाही, नवा शब्द नाही. आता त्यांच्याकडे जे आहे तेच आहे.

"म्हणजे आत बारा जण बसलेत, आणि त्यांना हे माहीतच नाही," कार्लटन म्हणाला.

*

लेम्युएलनं समोरच्या बाकावरून सगळं पाहिलं होतं, ऐकू मात्र अर्धंच आलं होतं. ओझेलाताई रडत होती. ती रडायला लागली की हनुवटी वर करते, अगदी आईसारखी. उठून जावं असं त्याला वाटलं आणि नाही गेला. त्या बाकापासून या बाकापर्यंतची फरशी त्याला नदीपेक्षा रुंद वाटत होती.

इतक्यात पुन्हा दार ठोठावलं गेलं.

या वेळी ज्युरीला एक साक्ष पुन्हा ऐकायची होती. लेम्युएल यांची. काठी उपटल्यापासून फटक्यापर्यंत कोण कुठं उभं होतं, तेवढा भाग.

क्रेनशॉंच्या रांगेत कुणीतरी हळूच कण्हलं. लेमची साक्ष म्हणजे सगळ्यात जड दगड. त्यानं काहीच राखलं नव्हतं. थॅडियसनं कसं बघितलं, कसा आला, कसा हात वर केला. लेखनिक बाई साक्ष टिपलेली कागदी पट्टी उलगडून वाचायला लागल्या. सपाट आवाज, ना चढ ना उतार, जणू वाण्याकडचं सामान.

"प्रश्न. मग आरोपीनं काय केलं? उत्तर. काठी उपटली आणि माझ्याकडे यायला लागला. प्रश्न. त्या वेळी बाकीचे काय करत होते? उत्तर. काय करणार, उभे. कार्लटन तर तसाच उभा होता डोळे मिटून, केस कोरडेच. बापानं काठी काढली तरी त्याला पत्ता नाही. मोठा डीकन म्हणवतो, पोराला पाण्यात सोडून आला. प्रश्न. आणि मग फटका कुठे बसला?"

सरकारी वकिलानं त्या वेळी एक क्षणही न थांबता पुढचा प्रश्न विचारला होता. टेलफेअरनी तर पानही उलटलं नव्हतं, आणि घरच्यांनीही तो नुसता टोमणा म्हणून सोडून दिला होता. पण आता लेमला ज्युरीची मागची रांग दिसत होती. जांभळ्या टोपीच्या म्हातारीचा हात तोंडावर गेला होता. तिच्या शेजारचा जाडजूड गवंडी तिच्याकडे वळला. पुढच्या रांगेतल्या परिचारिकेनं डोळे मिटले आणि उघडले. दुकानदाराला काही कळलं नसावं. पण आपल्या मागे काहीतरी कळलंय, एवढं कळून तो वळून बघत होता.

आरोपीच्या टेबलाशी थॅडियस क्रेनशॉनं दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं. सगळ्या खटल्यात पहिल्यांदा.

मी ते लागावं म्हणूनच बोललो होतो, लेमला आठवलं. हाड बरं होईल, पण त्याला हे लागू दे, भर कोर्टात लागू दे.

बाहेर आल्यावर ओझेला थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"तू टोमणा म्हणून बोलला होतास," ती म्हणाली.

"हो, ताई."

"देवानं तो वापरला."

लेमनं गळ्यातला हात सावरला. "मग त्यालाच सांग की पुढच्या वेळी माझं हाड न मोडता वापर."

तिनं हसू दाबायला पाहिलं, ते दाबलं गेलं नाही, आणि रडतच ती त्याच्या शेजारी बसली. मग हात लांब करून मघाची तिसरी ताटली मागवली. व्हर्नेस्टीन ती घेऊन आली. मामानं तिला सरकून जागा करून दिली. अजून निकाल नव्हता. पण आता सगळं घर एकाच बाकावर दाटीवाटीनं बसलं होतं, आणि आयसम पाळक, त्यांना न राहवून, अगदी बारीक आवाजात गुणगुणायला लागले होते.

शिपायानं येऊन सांगितलं की इथं गाता येत नाही. मग तो तिथंच उभा राहिला.

*

तिसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा कुणाला सांगावं लागलं नाही.

थॅडियस उभा राहिला. समोर बारा चेहरे होते आणि त्याला त्यांच्याकडे बघायचा धीर नव्हता. त्यांना आता माहीत होतं. तुरुंगाची त्याला तितकी भीती राहिली नव्हती. तळ चाचपणाऱ्या माणसाचा स्वतःचाच तळ असा उघड्यावर वाचून दाखवला गेला, यानंतर भिंती काय नि गज काय.

दुकानदार उठला. ठरवून, हत्यारानं केलेल्या हल्ल्याच्या आरोपावर, तो म्हणाला, दोषी नाही. त्यानं श्वास घेतला. रागाच्या भरात केलेल्या मारहाणीच्या आरोपावर, दोषी.

मग मागून ओझेलाचा आवाज आला, "देवा, तुझे उपकार," आणि तिच्यावर व्हर्नेस्टीनचा, आणि त्यावर लेमचा जाडा, फुटका सूर. न्यायाधीशबाईंनी हातोडा आपटला. दोषी या शब्दावर एखादं घराणं असं आनंदानं रडताना त्यांनी बहुधा पाहिलं नसावं.

सरकारी वकिलानं ज्युरीतल्या एकेकाला निकाल विचारायची मागणी केली. तो त्याचा हक्क होता. लेखनिकांनी पहिल्याला विचारलं, हा तुमचा निकाल आहे का? हो, दुकानदार म्हणाला. हा तुमचा निकाल आहे का? हो, परिचारिका म्हणाली. रांगेतून प्रश्न सरकत गेला आणि प्रत्येक वेळी वेगळ्या गळ्यातून तेच उत्तर आलं, बारीक, घोगरं, खालच्या पट्टीत, वरच्या पट्टीत. थॅडियसनं आयुष्यभर असे प्रश्न आणि अशी उत्तरं ऐकली होती, मंडळीची पाळकाला. पण ती उत्तरं त्याच्यासाठी असतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. शेवटी जांभळी टोपी उरली. म्हातारीनं वेळ घेतला. ती थॅडियसकडेच बघत होती, आणि आता त्यालाही बघावं लागलं. तिच्या नजरेत माफी नव्हती. ओळख होती.

"हो," ती म्हणाली. "हाच माझा निकाल."

बाईंनी शिक्षा तिथंच सांगितली. वर्षभराची, पण स्थगित. वागणूक नीट ठेवायची, मेव्हण्याच्या घराच्या आसपास काठी घेऊन फिरायचं नाही. मागे लेम खुसखुसला. मग त्यांनी विचारलं की आरोपीला काही बोलायचं आहे का.

टेलफेअरनी बाही ओढली, नको म्हणून. थॅडियसनं ती सोडवून घेतली. पण तो न्यायाधीशांकडे वळला नाही. तो मागे वळला, लाकडी कठड्यापलीकडे, पहिल्या रांगेकडे.

"कार्लटन," तो म्हणाला, आणि थांबला, आणि पुन्हा सुरू केलं. "मी तुला पाण्यात एकटं सोडलं. कशासाठी, तर लेमच्या एका वाक्यासाठी. ते मी कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. माझं चुकलं, बाळा."

न्यायाधीशबाईंनी हातोडा उचलला नाही.

कार्लटन उठून कठड्यापाशी आला.

"बाबा," तो म्हणाला, "पाणी कमरेइतकंच होतं."